अंगठ्याचं नख आणि न्हाव्याची धोकटी

रोवणीचे दिवस आहेत. मौदा, रामटेककडच्या बाया सकाळपासून बांधीत उभ्या असतात. संध्याकाळी पाय धुताना अंगठ्याची कड लाल दिसते, हात लागू देत नाही. नखाचा कोपरा मांसात रुतलेला असतो. माझी माय अशा वेळी टाचेवर चालायची, पण रोजी बुडवायची नाही. रात्री कंदिलाजवळ बसून ब्लेडनं कोपरा कोरायची. दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. आज या नखाची गोष्ट सांगते. दिसायला लहान आहे, पण तिच्यात आपला बराच इतिहास आहे.

हे दुखणं जुनंच. सुश्रुतसंहितेत लहान रोगांच्या यादीत नखाजवळच्या मांसात आग होऊन पू धरणाऱ्या रोगाला ‘चिप्प’ म्हटलं आहे. मार लागून नख काळं, खरखरीत होतं त्याला ‘कुनख’. चिखलानं बोटांच्या बेचक्या ओल्या होऊन खाजतात, ते ‘अलस’, म्हणजे आपल्या चिखल्या! चिप्पावर उपाय सांगितला आहे तो असा : ऊन पाण्यानं शेकावं आणि वैद्यानं खराब भाग कापून पू वाहू द्यावा. शस्त्रांच्या यादीत नखं काढायचं वेगळं शस्त्रही आहे.

गावात हे शस्त्र न्हाव्याच्या धोकटीत असायचं. वस्तरा, कात्री, चिमटा आणि नराणी. नराणी म्हणजे नखं काढायचं छोटं, धारदार हत्यार. न्हावी हा बलुतेदार. वर्षभर काम करायचा आणि सुगीला धान्य घ्यायचा. काटा काढणं, नख सोडवणं ही कामंही त्याचीच. पण ही धोकटी सगळ्यांसाठी उघडत नव्हती. ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांच्या वस्तीत न्हावी जात नसे. ज्या पायांना काटे जास्त, चिखल जास्त आणि चपला नाहीत, त्याच पायांना नराणी मिळत नव्हती. हाताशी असेल त्या पात्यानं ज्यानं-त्यानं आपलं बघायचं.

बाईसाठी या धोकटीला आणखी एक भीती होती. काही जातींत नवरा गेला की तिचे केस याच वस्तऱ्यानं उतरवत. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. हत्यार ज्याच्या हातात, त्यानंच नाही म्हटलं. ही मोठी गोष्ट होती.

आणि आपलं नागपूर? २० जुलै १९४२ ला इथं दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना स्वच्छ राहायला, मुलांना शिकवायला आणि लग्नाची घाई न करायला सांगितलं. ज्यांच्या अंगाला इतर लोक हात लावत नव्हते, त्या बायांना आपल्या शरीराची काळजी घ्यायला सांगितलं जात होतं. शरीराची निगा हाही मानाचाच भाग आहे, हे मला त्यातून उमगतं.

तिकडे युरोपातही सगळं सोपं नव्हतं. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसचे नामांकित सर्जन द्यूपुइत्राँ कात्रीचं एक पातं नखाखाली मुळापर्यंत घालून नख मधोमध चिरत आणि दोन्ही तुकडे उपटून काढत. तेही भूल न देता! १८४६ मध्ये ईथरची भूल आली. पुढे जागा बधिर करणारी औषधं आली; आजचं लिडोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालं. १९४५ मध्ये बोल नावाच्या डॉक्टरनं नखाच्या मुळाला फिनॉल लावायची पद्धत मांडली. त्यामुळे रुतणारी कड पुन्हा वाढत नाही, निदान बहुतेकांची नाही. आता अंगठ्याच्या बुडाशी सुई देतात, नखाची फक्त बाजूची पट्टी काढतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. पूर्ण नख उपटलं तर ते परत यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि मूळ तसंच राहिलं तर ते पुन्हा रुतू शकतं.

नख रुततं कशानं? कोपरे गोल कोरून खोल कापल्यानं, ठेच लागल्यानं, पुढून चिंचोळ्या चपला-बुटांनी. शाळेचे बूट लहान झाले तरी मुली सांगत नाहीत, दरवर्षी बघत जा. नख सरळ रेषेत कापा, कोपरे राहू द्या, फार आखूड करू नका. नेलकटर घरात एकच असेल तर वापरून धुऊन पुसून ठेवा.

सुरुवातच असेल तर कोमट पाण्यात पाय दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं बुडवा, नीट कोरडा करा, पुढून मोकळी चप्पल घाला. ब्लेड, विळा, सुई लावू नका. शेण-मातीतून धनुर्वात होतो. इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आशाताईला विचारा. पू आला, लाली वर चढू लागली, ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आणि ज्यांना शुगर आहे किंवा पायाला बधिरपणा आहे, त्यांनी घरचा उपाय करूच नये, पहिल्याच दिवशी दाखवावं. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं त्यांच्या बाबतीत समजू नका. अशा पायाची लहानशी जखम बोट घेऊन जाते.

माझ्या मायला हे कोणी सांगितलं नाही. तिचा अंगठा शेवटपर्यंत वाकडाच राहिला. तुमच्या गटाची पुढची बैठक होईल, तेव्हा पाच मिनिटं काढा, चपला बाजूला ठेवा आणि एकमेकींचे पाय बघा. लाज कसली? याच पायांवर तर घर उभं आहे.