वीस दिवसांची नोटीस

गेल्या हिवाळ्यात धाकट्या भावाकडे फिनिक्सला गेलो होतो. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर घर बांधायचं चाललं होतं. मधोमध एक सवारो निवडुंग, दोन हात वर करून उभा. (लिहितात सग्वारो, म्हणतात सवारो!) मला वाटलं, जमीन त्याची, उद्या बुलडोझर येईल आणि संपलं. पण मालक चक्क सरकारी फॉर्म भरत बसला होता.

मग नेहमीप्रमाणे खोदकाम सुरू केलं. मूळ निघालं 1929 सालात. लोक बागा सजवायला वाळवंटातले निवडुंग उपटून नेत, म्हणून ॲरिझोनाने त्या वर्षी कायदा केला. 1931 मध्ये सवारोचं फूल राज्यफूल झालं आणि 1933 मध्ये टूसॉनजवळ या झाडांसाठी राखीव जागा.

कायद्याची गंमत अशी की खासगी जमिनीवरचं झाड मालकाचंच. तो ते पाडूही शकतो, फक्त आधी कृषी खात्याला कळवायचं. एकराच्या आत जमीन असेल तर 20 दिवस, 40 एकरांपर्यंत 30, त्यापुढे 60. तेवढ्यात कुणाला झाड वाचवायचं असेल तर मालकाच्या संमतीने ते उचलून न्यावं. मात्र जमिनीबाहेर न्यायला परवाना आणि झाडाला टॅग हवाच. घर आधीच बांधलेलं असेल आणि जागा दहा एकरांच्या आत, तर कळवायचीही गरज नाही! म्हणजे चोराला कडक, मालकाला मवाळ. आपल्याकडे 1975 च्या कायद्याने शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. तो कितपत पाळला जातो, ते सोडा.

पण वीस दिवस म्हणजे किती? सवारो पहिल्या आठ वर्षांत इंच-दीड इंच वाढतो. पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं, कोरड्या जागी शंभरसुद्धा. कायदा झाला त्या वर्षी रुजलेल्या एखाद्या रोपाला अजून हात फुटायचा असेल.

परवा भावाने फोटो पाठवला. शेजाऱ्याचा सवारो ट्रकवर आडवा, जुन्या गालिच्यात गुंडाळलेला, गावाबाहेर कुणाच्या तरी अंगणात निघालेला. एवढं मोठं झाड हलवल्यावर जगलं की नाही, हे कळायला म्हणे कित्येक वर्षं लागतात. तोवर ते आतल्या साठवलेल्या पाण्यावर हिरवंगार दिसत राहतं.