गावात दीड महिन्यासाठी खोली घेतलीय? इंटरनेटचे पैसे भरण्याआधी हे करा

माझी आत्या उत्रोलीत राहते. उत्रोली म्हणजे भोरजवळचं गाव. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याला लागलं की कापूरहोळला उजवीकडे वळायचं. पावसाळ्याच्या तोंडावर आत्या अंगणात घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर दीड महिना तिच्याजवळ कुणीतरी हवं होतं. माझं काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे घरच्यांनी माझ्याकडेच बोट दाखवलं. आत्याचं घर दोन खोल्यांचं, म्हणून शेजारच्या काकूंकडे मी एक खोली भाड्यानं घेतली.

माझं प्रोबेशन अजून संपायचं होतं. पहिल्याच सोमवारी चाळीस मिनिटांच्या मीटिंगमधून मी तीनदा बाहेर फेकले गेले. टीम लीडनं नंतर शांतपणे सांगितलं, "या आठवड्यात जमव, नाहीतर ऑफिसला यावं लागेल."

घाबरून मी चूक केली. एका कंपनीच्या माणसाला फोन लावला. "दोन दिवसांत लावतो मॅडम," तो म्हणाला आणि मी सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरून टाकले. चौथ्या दिवशी माणूस आला, गच्चीवर फोन फिरवून बघितला आणि "इथे सिग्नल पुरत नाही" म्हणून निघून गेला. पैसे परत यायला तीन आठवडे लागले. तेव्हा एक गोष्ट पक्की कळली: थोड्या दिवसांच्या मुक्कामात आधी जागा मोजायची, मग पैसे भरायचे. ते कसं करायचं, ते क्रमानं सांगते.

१. तुम्हाला नेट लागतं तरी किती?

आपण स्पीड म्हटलं की डाउनलोडच बघतो. पण मीटिंगमध्ये तुमचा आवाज आणि चेहरा पलीकडे जातो तो अपलोडनं. साध्या ग्रुप व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी साधारण १ एमबीपीएस स्पीड सतत मिळाला तरी पुरतो. भारतात आता किमान २ एमबीपीएस डाउनलोड असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणतात. २०२३ मध्ये ही व्याख्या बदलली.

आता हिशोब करा. १ एमबीपीएस तासभर चालला तर ०.४५ जीबी जातात. दोन्ही बाजू धरल्या की तासाला साधारण ०.९ जीबी. म्हणजे रोज २ जीबीच्या पॅकमध्ये दोन तासांची मीटिंग झाली की दिवस संपला! त्यानंतर बऱ्याच पॅकमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर येतो आणि त्यावर नुसता आवाजही नीट जात नाही. स्वतःचा कॅमेरा आणि समोरून येणारा व्हिडिओ दोन्ही बंद ठेवून नुसत्या आवाजावर मीटिंग केली तर मात्र तासाला १०० एमबीच्या आत काम होतं. अडचणीच्या दिवशी हे लक्षात ठेवा.

२. सिग्नलच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका

किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक फोन आपल्या मनानं ठरवतो. खरा आकडा डीबीएममध्ये असतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलं की 'सिग्नल स्ट्रेंथ' दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की तपासणीचा स्क्रीन उघडतो. ४जी वापरताना आकडा साधारण असा वाचायचा:

- उणे ८० ते उणे ९०: मस्त
- उणे ९० ते उणे १०५: काम चालेल
- उणे ११० च्या खाली: मीटिंग तुटणार

माझ्या खोलीत पलंगावर आकडा होता उणे ११२. तोच फोन, तेच सिम घेऊन मी काकूंच्या माडीवर गेले आणि पूर्वेच्या खिडकीत उभी राहिले, तर उणे ९४! अपलोड ०.८ वरून ९ एमबीपीएसवर गेला. सगळा फरक काय, तर पंधरा पायऱ्या.

असं का होतं? मोबाइलच्या लहरी डोंगर, जाड दगडी भिंत आणि पत्रा यांना अडतात. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात. २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी जास्त डेटा वाहतात, पण लवकर दमतात. भोरच्या आसपास सह्याद्रीचे डोंगर, त्यामुळे एका आळीत नेट आणि पुढच्या आळीत नाही, असं होऊ शकतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातली एक विद्यार्थिनी डोंगरावर झोपडी बांधून ऑनलाइन वर्ग करत होती. कारण हेच: वर गेलं की टॉवर आणि फोन यांच्या मध्ये काही येत नाही.

म्हणून खोलीचे पैसे देण्याआधीच, निदान इंटरनेटचे देण्याआधी तरी, हे करा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घ्या. प्रत्येक खिडकीत, माडीवर, गच्चीवर आकडा आणि अपलोड लिहून ठेवा. सकाळी दहाला मोजा आणि रात्री नऊलाही मोजा, कारण रात्री सगळं गाव रील्स बघतं. कंपन्यांनी कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर द्यावेत, असा ट्रायचा २०२४ पासूनचा नियम आहे. ते जरूर बघा, पण तुमच्या खोलीच्या आत काय मिळेल, हे नकाशा सांगत नाही.

३. पर्याय कोणते?

फोनचा हॉटस्पॉट. आठवडाभराच्या मुक्कामाला पुरतो. फोन चांगल्या खिडकीत ठेवा. वाय-फायऐवजी केबलनं लॅपटॉपला जोडलं (यूएसबी टेदरिंग) तर कनेक्शन जास्त स्थिर राहतं आणि फोन चार्जही होतो. 'अनलिमिटेड ५जी' असेल तर हॉटस्पॉटबद्दलच्या अटी वाचून घ्या.

सिम घालायचा राउटर. एक-दोन महिन्यांसाठी मला हाच सगळ्यात पटला. राउटर माडीच्या खिडकीत, तुम्ही खाली खोलीत. मुक्काम संपला की राउटर तुमच्यासोबत घरी येतो. घेताना दोन गोष्टी विचारा: कुठल्याही कंपनीचं सिम चालतं का आणि बाहेरचा अँटेना लावता येतो का.

एअरफायबर. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. एअरटेलनं ऑगस्ट २०२३ मध्ये आणि जिओनं त्याच वर्षी गणेश चतुर्थीला, १९ सप्टेंबरला, एअरफायबर आणलं. यात गच्चीवर एक डबा बसतो, तो टॉवरचा सिग्नल पकडतो आणि केबलनं घरातल्या राउटरला देतो. स्पीड चांगला मिळतो. पण गच्चीवर सिग्नल हवा, घरमालकाची परवानगी हवी आणि किती महिन्यांचं बंधन आहे ते आधी कळायला हवं.

फायबर. सगळ्यात भरवशाचं. बीएसएनएलचं भारत फायबर किंवा गावातला केबलवाला यांच्याकडे चौकशी करा. पण दीड महिन्यासाठी नवी वायर ओढण्याआधी घरमालकाकडे किंवा शेजारी आधीच कनेक्शन आहे का, ते विचारा. महिन्याचं अर्धं बिल देऊन काम होऊ शकतं. तेव्हा राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' चालू करून घ्या, म्हणजे तुमची आणि त्यांची उपकरणं वेगळी राहतात. त्या कनेक्शनवर काही गैर घडलं तर पहिली विचारणा मालकाकडे होते, म्हणून पासवर्ड आणखी कुणाला देऊ नका.

गावातलं सार्वजनिक वाय-फाय. भारतनेट योजनेत ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेतात. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत दुकानदारही छोट्या कूपनवर वाय-फाय विकू शकतो. तुमच्या गावात यातलं काय खरंच चालू आहे, ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. हा पर्याय अडीनडीचा आहे. ऑफिसचं काम करायचं तर व्हीपीएन चालू ठेवा.

४. पैसे देण्याआधी पाच प्रश्न

- पैसे घेण्याआधी जागेवर येऊन सिग्नल तपासणार का?
- कमीत कमी किती महिने ठेवावं लागेल?
- बसवण्याचा खर्च आणि अनामत किती? परत काय मिळणार?
- दाखवलेल्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलाय का?
- बंद करताना राउटर कुठे द्यायचा? पावती मिळेल का?

उत्तरं तोंडी नकोत, व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. माझे पैसे परत आले ते "दोन दिवसांत लावतो" हा मेसेज माझ्याकडे होता म्हणून.

आणि घरमालकाला आधी विचारा. काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "भिंतीला भोक पाडायचं नाही हं, पावसाचं पाणी झिरपतं." बरोबरच होतं त्यांचं. चपटी केबल खिडकीच्या फटीतून घेतली की भोकाची गरजच पडत नाही.

५. लाइट गेली तर?

लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघूनच घ्या. टॉवरलाही बॅटरी असते, पण ती काही तासच टिकते. म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम रिचार्ज करून तयार ठेवा. पहिलं बंद करून दुसऱ्यावर एक खरा कॉल करून बघा. न तपासलेला दुसरा रस्ता ऐन वेळी दगा देतो.

नवं सिम घेताना ओळखपत्र लागतं, बऱ्याचदा आधारच मागतात. दुकानदार "अंगठा लागला नाही, परत लावा" म्हणाला तर सावध व्हा. नंतर संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत, ते तपासा.

शेवटी माझं काय झालं?

माडीच्या खिडकीत सिमवाला राउटर, त्याला छोटा यूपीएस आणि फोनमध्ये दुसरं सिम. गुरुवारी सगळं बसलं. शुक्रवारच्या डेमोत मधेच लाइट गेली, खोलीतला पंखा थांबला, पण मीटिंग चालू राहिली. शेजारच्या घरातून आत्या ओरडली, "अगं, लाइट गेली, तुझं काम थांबलं का?" टीम लीडनं ते ऐकलं आणि हसून विचारलं, "आत्या बऱ्या आहेत ना आता?"

दीड महिन्यानं आत्या काठी घेऊन अंगणापर्यंत यायला लागली. मी खिडकीतला राउटर काढला, पिशवीत टाकला आणि भोरहून पुण्याची एसटी पकडली.