कुष्ठसेवा, महाराष्ट्रातील

कुष्ठरोगाने पीडित व्यक्तींना निवारा, औषधोपचार व शुश्रूषा देणे आणि रोगमुक्तीनंतर त्यांचे समाजात पुनर्वसन करणे, या हेतूंनी महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झालेले कार्य. या कार्यात नगरपालिका, ख्रिस्ती मिशने, गांधीप्रणीत रचनात्मक संस्था व शासन या सर्वांचा सहभाग आहे. त्याचा इतिहास दोन प्रश्नांभोवती फिरतो : रोग कसा बरा करावा आणि रोग्याला माणसांत परत कसे आणावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले. दुसऱ्याचे अद्याप पूर्णपणे मिळालेले नाही.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात हा रोग महारोग वा रक्तपिती या नावांनी ओळखला जाई. प्राचीन वैद्यकग्रंथांतील ‘कुष्ठ’ ही संज्ञा मात्र व्यापक असून तीत अनेक त्वचारोगांचा समावेश होतो. रोगजंतू मुख्यतः त्वचा व परिघीय तंत्रिका यांवर परिणाम करतात. तंत्रिका बाधित झाल्याने हातापायांना बधिरता येते. चटका किंवा इजा जाणवत नाही. जखमा चिघळतात आणि कालांतराने बोटे आखूड व वाकडी होतात. ही विद्रूपता म्हणजे रोगाचा परिणाम होय, प्रत्यक्ष रोग नव्हे. रोग बरा झाल्यावरही ती उरते. समाजाने मात्र विद्रूपतेलाच रोग मानले व तिचा संबंध पूर्वजन्मीच्या पापाशी जोडला. परिणामी रोग्याला घर, गाव, विहीर व देऊळ या सर्वांना मुकावे लागे. हिंदू कायद्यानुसार उग्र स्वरूपाच्या कुष्ठरोग्याला वारसाहक्कही मिळत नसे. मिताक्षरा पद्धतीपुरता हा निर्बंध १९२८ च्या अधिनियमाने दूर झाला.

पृथग्वासाचा काळ : नॉर्वेतील शास्त्रज्ञ आर्मौअर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये या रोगाचे जंतू शोधून काढले. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित असलेले डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी त्याच सुमारास नॉर्वेला भेट देऊन तेथील व्यवस्थेचा अभ्यास केला आणि १८७४ मध्ये या रोगावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्यांना वेगळे ठेवण्याची नॉर्वेतील पद्धत भारतातही अवलंबावी, असा त्यांचा आग्रह होता.

मुंबईत रस्त्यांवर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यांची संख्या बरीच असल्याने नगरपालिकेचे आयुक्त हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ यांनी १८९० मध्ये माटुंगा येथे निराश्रित कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारले. पुढे ही संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सहकार्याने मराठी पोवाडे संकलित करून १८९१ मध्ये प्रसिद्ध करणारे ॲकवर्थ ते हेच. आश्रयस्थानाच्या परिसरात सांडपाण्यावर शेती करण्यात आली. मैल्यापासून निघणारा वायू दिव्यांसाठी वापरण्याचा तेथील १८९७ चा प्रयोग भारतातील अशा आरंभीच्या प्रयोगांपैकी एक मानला जातो.

हवाई बेटांत कुष्ठरोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन १८८९ मध्ये त्याच रोगाने मृत्यू पावले. त्यानंतर भारतातील परिस्थितीच्या पाहणीसाठी १८९०-९१ मध्ये एक आयोग आला. रोगाचा प्रसार संसर्गाने फारच अल्प प्रमाणात होतो, असा निष्कर्ष त्याने काढला. तथापि १८९७ च्या बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने पृथग्वासाचा पुरस्कार केला आणि पुढील वर्षी भारतात कुष्ठरोगी अधिनियम (१८९८) संमत झाला. अधिसूचित क्षेत्रात उघडपणे भिक्षा मागणाऱ्या किंवा उपजीविकेचे दृश्य साधन नसलेल्या कुष्ठरोग्यास अधिपत्राशिवाय पकडण्याचा अधिकार त्यामुळे पोलिसांना मिळाला. अन्न, पेये व कपडे यांच्याशी निगडित धंदे करणे, सार्वजनिक विहिरी व तळी वापरणे आणि रेल्वेखेरीज अन्य भाडोत्री वाहनांतून प्रवास करणे यांवरही बंदी घालण्याची तरतूद त्यात होती.

या अधिनियमात एक मूलभूत विसंगती होती. ज्याच्या अंगावर व्रण पडू लागले आहेत असा रोगी, ही त्याची मूळ व्याख्या होती. परंतु व्रण हे प्रामुख्याने बधिरतेमुळे होणाऱ्या इजांचे फळ असून ते संसर्गक्षमतेचे गमक नव्हे. उलट अधिक संसर्गक्षम असलेल्या रोग्याच्या अंगावर पुष्कळदा व्रण नसतात. शिवाय सक्तीचा पृथग्वास फक्त निर्धनांसाठी होता. घर व उत्पन्न असलेल्या रोग्याला तो लागू नव्हता. अशा रीतीने रोगाच्या नावाखाली प्रत्यक्षात दारिद्र्याचा बंदोबस्त झाला. भीक मागण्यास प्रतिबंध करणाऱ्या मुंबईच्या १९५९ च्या अधिनियमातही, ताब्यात घेतलेल्या कुष्ठरोग्यास कुष्ठालयात पाठविण्याची तरतूद कायम राहिली.

याच काळात ख्रिस्ती मिशनांनी सक्तीऐवजी शुश्रूषेवर भर दिला. वेलस्ली बेली यांनी १८७४ मध्ये स्थापन केलेल्या कुष्ठमिशनचे कार्य महाराष्ट्रातही पसरले. विदर्भातील कोठारा व दक्षिण महाराष्ट्रातील मिरज ही मिशनरी कुष्ठसेवेची महत्त्वाची केंद्रे होत. कुष्ठरोग्याच्या जखमा स्वतःच्या हातांनी धुणाऱ्या परिचारिका व डॉक्टर येथील लोकांनी प्रथम पाहिले ते बहुधा अशा केंद्रांतच.

रचनात्मक कार्य : विनोबा भावे यांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. संस्कृतचे जाणकार व येरवड्याच्या तुरुंगातील सहबंदी परचुरेशास्त्री हे कुष्ठरोगाने ग्रस्त होऊन सेवाग्रामला आले, तेव्हा महात्मा गांधींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले व त्यांची शुश्रूषा स्वतः केली. गांधींच्या रचनात्मक कार्यक्रमाच्या १९४५ च्या आवृत्तीत कुष्ठरोग्यांच्या सेवेला स्वतंत्र स्थान आहे. त्यांचा स्मृतिदिन, ३० जानेवारी, भारतात कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो.

डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ तपोवन ही वसाहत स्थापिली. बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी १९४९ मध्ये वरोडे येथे महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि १९५१ मध्ये खडकाळ, झुडपी जमिनीवर सहा रुग्णांसह आनंदवनाचा आरंभ केला. आरंभी तेथील भाजीपाला व दूध घेण्यास परिसरातील लोक धजत नसत. आंतरराष्ट्रीय सेवासंघटनेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात राहून, तेथील अन्न खाऊन बांधकामास हातभार लावू लागले, तेव्हा हा संकोच कमी होत गेला. पुढे शेती, हातमाग व विविध कारागिरी यांबरोबरच तेथे महाविद्यालयेही निघाली आणि ज्या वसाहतीपासून लोक दूर राहत, तिच्याच आवारात त्यांची मुले शिकू लागली. १९८५ मध्ये बाबा आमटे यांना मॅगसायसाय पुरस्कार मिळाला.

दत्तपूर, तपोवन व आनंदवन यांच्या कार्यपद्धती एकसारख्या नव्हत्या. तथापि रोग्याला केवळ दानाचा विषय न मानता उत्पादक श्रमाची संधी द्यावयाची, हे सूत्र तिन्ही ठिकाणी समान होते. बधिर हातांना जपून करता येईल असे काम शोधणे, अवजारांच्या मुठी बदलणे, पायांत मऊ रबराच्या चपला देणे, दररोज हातपाय तपासण्याची सवय लावणे, या बाबी येथे औषधाइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ च्या सुमारास सुरू केलेल्या हातांच्या पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियांमुळे वाकड्या बोटांना पुन्हा काम करता येणे शक्य झाले व त्या तंत्राचा लाभ महाराष्ट्रातील रुग्णांनाही मिळाला.

घरोघरी उपचार : सल्फोन वर्गातील औषधांचा उपयोग १९४१ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथे सिद्ध झाला. त्यांपैकी डॅप्सोन ही स्वस्त व पोटात घेता येणारी गोळी भारतात प्रचारात आल्यावर रुग्णाला वसाहतीत आणण्याची निकड उरली नाही. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने (स्थापना १९५१, वर्धा) पाहणी, शिक्षण व उपचार या त्रिसूत्रीवर आधारित पद्धती विकसित केली. तीत प्रशिक्षित कार्यकर्ते गावातील प्रत्येक घरी जाऊन तपासणी करीत, लोकांना रोगाची माहिती देत आणि रुग्णाला त्याच्या घरीच ठेवून औषध पुरवीत. हीच पद्धती १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाचा आधार झाली.

एकट्या डॅप्सोनला रोगजंतू दाद देईनासे झाल्याचे १९६४ मध्ये आढळून आले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये रिफँपिसीन, क्लोफॅझिमीन व डॅप्सोन यांच्या बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. भारतात ज्या जिल्ह्यांत हा उपचार प्रथम सुरू झाला, त्यांत वर्धा होता. १९८३ मध्ये नियंत्रण कार्यक्रमाचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले. पूर्वी वर्षानुवर्षे चालणारे उपचार आता रोगप्रकारानुसार सहा वा बारा महिन्यांत पूर्ण होतात.

कायदा व सद्यःस्थिती : दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, हे निर्मूलनाचे उद्दिष्ट भारताने डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर गाठले. हे निर्मूलन सार्वजनिक आरोग्याच्या परिभाषेतील असून त्याचा अर्थ रोग नाहीसा झाला असा नव्हे. २०१९ मध्ये जगात सु. दोन लाख नवे रुग्ण नोंदले गेले व त्यांपैकी निम्म्याहून अधिक भारतातील होते.

वैद्यकाच्या तुलनेने कायद्याची गती मंद राहिली. ओरिसातील नगरपालिका कायद्याने कुष्ठरोग्यास निवडणूक लढविण्यास घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येही वैध ठरविली. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५६ व्या अहवालात भेदभाव करणाऱ्या कायद्यांकडे लक्ष वेधले. १८९८ चा अधिनियम २०१६ मध्ये निरसित झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी विविध विवाहविषयक कायद्यांतून २०१९ मध्ये वगळण्यात आल्या. म्हणजे बहुविध औषधोपचाराची शिफारस होऊन अडतीस वर्षे लोटेपर्यंत, बऱ्या होणाऱ्या रोगासाठी जोडीदाराचा त्याग करण्यास कायद्याची मुभा होती.

कुष्ठवसाहतींची भूमिकाही बदलली आहे. नव्या रुग्णाला तेथे राहण्याची आवश्यकता नाही. परंतु पूर्वी दाखल झालेल्या, रोगमुक्त पण अपंग व वृद्ध झालेल्या अनेकांना परतण्यास घर उरलेले नाही. त्यांना आता कुष्ठरोगाच्या औषधाची नव्हे, तर जुनाट व्रणांची निगा, योग्य पादत्राणे, निवृत्तिवेतन आणि सोबत यांची गरज आहे. कुष्ठसेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेत समाविष्ट झाल्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रांवर दुहेरी जबाबदारी आली आहे : त्वचेवरील बधिर चट्टा विद्रूपता येण्यापूर्वी ओळखणे आणि उपचार पूर्ण झालेल्या व्यक्तीच्या हातापायांकडे पुढेही लक्ष पुरविणे. पहिली जबाबदारी वेळेवर पार पडली, तर दुसरीचा भार बराचसा हलका होतो. कारण विद्रूपता टळली, तर बहिष्काराचे निमित्तच राहत नाही.