दगडू आणि नकुशी

मुलाचें नांव गोड असावें, ही आईबापांची सहज इच्छा. तरीही महाराष्ट्रांत दगडू, धोंडू, केरू, भिकू हीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीं. त्यांच्या मुळाशीं तिरस्कार नव्हता, भय होतें. आधींचीं मुलें दगावलीं, कीं पुढच्याला असें हलकें नांव देत. दगडावर, केरावर काळाची नजर जाणार नाहीं, ही समजूत. असें नांव मोठेपणाच्याही आड येत नसे. धोंडो केशव कर्वे यांना १९५८ सालीं, जन्मशताब्दीच्या वर्षीं, ‘भारतरत्न’ मिळालें तें स्त्रीशिक्षणाच्या कार्याबद्दल.

मुलीच्या वाट्याला मात्र नकुशी हें नांव आलें. नकुशी म्हणजे नको असलेली. मुलग्याची वाट पाहतां पुन्हा मुलगीच झाली, तर तें ठेवीत. मग तरी मुलगा होईल, ही आशा. दगडूचें नांव दगडूच्या रक्षणासाठीं होतें; नकुशीचें नांव न जन्मलेल्या भावासाठीं. शाळेच्या हजेरींत तिला रोज त्याच नांवाला ‘हजर’ म्हणावें लागे. २२ ऑक्टोबर २०११ रोजीं साताऱ्यास २८५ मुलींनीं तें टाकून नवीं नांवें घेतलीं. नांव एका दिवसांत पालटलें. मुलगी हवीशी होणें, हें घराघरांतलें काम आहे.