शेपूट राखणारा

परवा शनिवारी कारेगावात गच्चीवर चहा पीत बसलो होतो. डोक्यावरून एक सुखोई गेलं. आधी विमान दिसलं, आवाज मागून आला. लोहगावचं असणार. (सुखोई-३० एमकेआय आपल्या हवाई दलात औपचारिकरीत्या दाखल झालं ते लोहगावलाच, २७ सप्टेंबर २००२ ला.) मी सवयीने दुसऱ्याची वाट बघत राहिलो. आलंच! लढाऊ विमानं बहुतेकदा जोडीने उडतात. का, ते कळायला मात्र बरीच माणसं मरावी लागली.

पहिल्या महायुद्धात एकट्याने शिकारीला जाणारे वैमानिक हीरो झाले. मग १९१६ मध्ये ओस्वाल्ड ब्योल्क या जर्मन वैमानिकाने चक्क आठ नियम लिहून काढले. सूर्य पाठीशी ठेवा, मागून हल्ला करा, अगदी जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका वगैरे. शेवटचा नियम असा की हल्ला गटाने करा, पण एकाच शत्रूवर सगळे तुटून पडू नका. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला तो आणि त्याचा एक सहकारी एकाच ब्रिटिश विमानामागे लागले, दोघांची विमानं एकमेकांना घासली आणि ब्योल्क गेला. नियम लिहिणाराच!

खरी अडचण साधी आहे. वैमानिकाला पाठीमागचं दिसत नाही आणि मरण बहुतेकदा तिकडूनच येतं. ब्रिटिश तीन-तीन विमानं चिकटून उडवायचे. दिसायला झकास, पण बाजूच्या दोघांचं लक्ष आपण पुढाऱ्याला धडकू नये यातच जायचं. आकाश बघणार कोण? १९३८ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात वेर्नर म्योल्डर्सने यावर तोड काढली: दोघांची जोडी, मध्ये भरपूर अंतर. पुढचा हल्ला करणार, मागचा त्याची शेपूट राखणार. अशा दोन जोड्या मिळून चौघे. १९४० मध्ये मार खाल्ल्यावर ब्रिटिशही हळूहळू तिकडेच वळले, आणि ती पद्धत पुढे जगभर रुळली.

आता आपल्याकडे येऊ. ६ सप्टेंबर १९६५, पंजाबातला हलवारा तळ. पाकिस्तानची तीन सेबर विमानं चालून आली. गस्तीवर आपली दोन हंटर होती, त्यातल्या एकात फ्लाइंग ऑफिसर प्रकाश सदाशिवराव पिंगळे. सेबरचा पुढारी स्क्वाड्रन लीडर रफीकी याने पिंगळ्यांचं विमान पाडलं; ते पॅराशूटने वाचले. पाकिस्तानी बाजूची हकीकत अशी की त्यानंतर रफीकीच्या बंदुका अडकल्या. तो पळाला नाही. नेतृत्व जोडीदाराकडे देऊन स्वतः त्याची शेपूट राखत राहिला, आणि मारला गेला. शत्रू असला तरी याला दाद द्यावीच लागते. त्या दिवशी त्यांची दोन सेबर गेली, आपली दोन हंटर. आपले दोन्ही वैमानिक मात्र वाचले.

पिंगळे दहा दिवसांत परत हवेत! १६ सप्टेंबरला त्यांच्या जोडीला फ्लाइंग ऑफिसर फारोख दारा बुनशा होते. समोर पाकिस्तानचा नावाजलेला वैमानिक एम. एम. आलम आणि त्याचा जोडीदार शौकत. पिंगळ्यांनी शौकतचं विमान पाडलं. तो उडी मारून वाचला आणि कैद झाला. आलमने बुनशांचं विमान पाडलं. बुनशा गेले.

म्हणजे हिशोब बघा. दोन जोड्या भिडल्या, दोन्हीकडचा पुढारी परतला आणि दोन्हीकडचा शेपूट राखणारा पडला. पिंगळ्यांना वीरचक्र मिळालं, ते योग्यच. पण पाडलेल्या विमानांची यादी ठेवतात, तशी वाचवलेल्या शेपटांची कुणी ठेवत नाही. ठेवणार तरी कशी? जो हल्ला झालाच नाही, तो मोजायचा कसा? आमच्या धंद्यातही कोड लिहिणाऱ्याचं नाव होतं. त्यातली चूक आधीच पकडणाऱ्याचं क्वचितच.

असो. चहा गार झाला होता. पुढच्या वेळी पहिलं विमान गेल्यावर लगेच मान खाली घालू नका. दुसऱ्यासाठी थोडं थांबा.