तंत्रलेखकाची निवड : सॉफ्टवेअरचे ज्ञान की लेखनाचे कौशल्य?

संगणक प्रणाली, वैद्यकीय उपकरणे, यंत्रसामग्री यांच्या वापरपुस्तिका, मदत-पृष्ठे व देखभालीच्या सूचना लिहिणाऱ्या व्यक्तीस टेक्निकल रायटर किंवा तंत्रलेखक असे म्हणतात. सॉफ्टवेअर उद्योगाच्या विस्ताराबरोबर हा व्यवसाय पुणे, बंगळुरू, हैदराबाद या शहरांत रुजला. तथापि या पदाच्या जाहिराती पाहिल्यास लेखनाच्या अपेक्षांपेक्षा फ्रेममेकर, रोबोहेल्प, मॅडकॅप फ्लेअर अशा सॉफ्टवेअरची नावेच अधिक ठळकपणे आढळतात. ते सॉफ्टवेअर न वापरलेल्या उमेदवाराचा अर्ज प्राथमिक छाननीतच बाद होतो आणि त्याचे लेखन कोणी वाचतही नाही.

साधनांचे आयुष्य

साधने बदलत राहतात, हा या क्षेत्राचा इतिहास आहे. 1985 मध्ये आलेल्या पेजमेकरने डेस्कटॉप पब्लिशिंगचे युग सुरू केले. परंतु 2001 मधील सातव्या आवृत्तीनंतर त्याची नवी आवृत्ती निघाली नाही. विंडोज 3.0 बरोबर 1990 मध्ये विनहेल्प ही मदत-प्रणाली आली, 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टने एचटीएमएल हेल्प आणले आणि पुढे विंडोज व्हिस्टामधून विनहेल्प वगळले गेले. 2004 मध्ये मार्कडाऊन ही सुटसुटीत लेखनपद्धती आली. 2005 मध्ये ओॲसिस या संस्थेने ‘डिटा’ या रचनाबद्ध लेखनपद्धतीस मानक म्हणून मान्यता दिली. केवळ एका साधनावर उभारलेली कारकीर्द त्या साधनाबरोबरच अडचणीत येते, हा त्याचा अर्थ.

कौशल्याचे मोल

याउलट, मूलभूत कौशल्ये बदलत नाहीत. वाचक कोण आणि त्याला कोणते काम करावयाचे आहे हे ओळखणे, अभियंत्याला नेमके प्रश्न विचारणे, माहितीची मांडणी करणे, मोजक्या शब्दांत निःसंदिग्ध लिहिणे आणि लिहिलेले प्रत्यक्ष करून पाहणे, ही ती कौशल्ये होत. ‘झाकण उघडा. त्यापूर्वी वीजपुरवठा बंद केल्याची खात्री करा’ ही सूचना व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे; परंतु वाचक दुसऱ्या वाक्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच झाकण उघडून मोकळा होतो. हा दोष कोणतेही सॉफ्टवेअर दुरुस्त करून देत नाही.

अशा उणिवांचे गांभीर्य थेरॅक-25 या किरणोपचार यंत्राच्या प्रकरणातून दिसते. 1985 ते 1987 या काळात अमेरिका व कॅनडात या यंत्रामुळे सहा रुग्णांना घातक प्रमाणात किरणोत्सर्ग मिळाला व त्यांपैकी काही दगावले. मूळ कारण सॉफ्टवेअरमधील चुका आणि सुरक्षा-यंत्रणेचा अभाव हे होते. तथापि पडद्यावर ‘मालफंक्शन 54’ असा संदेश उमटला, तेव्हा त्याचा अर्थ चालकाच्या पुस्तिकेत दिलेलाच नव्हता. या संदेशानंतर चालकाने काय करावे, हा प्रश्न विचारणे हेच तंत्रलेखकाचे काम असते.

साधन केव्हा महत्त्वाचे?

साधनांचे ज्ञान निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. दोन-तीन महिन्यांच्या कंत्राटी कामात शिकण्यास वेळ नसतो. हजारो पृष्ठे एका प्रणालीतून दुसरीत न्यावयाची असल्यास जाणकारच हवा. मात्र एकच मजकूर अनेक ठिकाणी वापरणे किंवा ग्राहकानुसार मजकूर बदलणे यांमागील संकल्पना ज्याला समजल्या, त्याला नवे सॉफ्टवेअर आत्मसात करणे फारसे जड जात नाही. अभ्यासू वृत्ती व स्पष्ट विचार मात्र अल्पावधीच्या प्रशिक्षणाने येत नाहीत.

निवड कशी करावी?

उमेदवारास एखाद्या सुविधेचे मुद्दाम अपुरे वर्णन द्यावे आणि तो कोणते प्रश्न विचारतो ते पाहावे. किचकट परिच्छेद देऊन त्याचे क्रमवार सूचनांत रूपांतर करून घ्यावे. सादर केलेल्या नमुन्यात त्याचा स्वतःचा वाटा किती आणि अमुक मजकूर का वगळला, हे विचारावे. साधनांविषयीचा प्रश्न सर्वांत शेवटी यावा. जाहिरातीतही ‘अमुक सॉफ्टवेअर आवश्यक’ याऐवजी ‘तत्सम साधनाचा अनुभव असल्यास प्राधान्य’ असे म्हणणे श्रेयस्कर.

उमेदवारांनीही केवळ सॉफ्टवेअरच्या वर्गांवर पैसे खर्च करण्यापूर्वी दोन-तीन उत्तम नमुने तयार करावेत. मुक्तस्रोत प्रकल्पांना चांगल्या दस्तऐवजांची नेहमीच गरज असते आणि मार्कडाऊन शिकण्यास खर्चही येत नाही.

2022 अखेर चॅटजीपीटी आल्यापासून सफाईदार वाक्ये यंत्रही लिहू लागले आहे. परंतु त्यातील माहिती खरी आहे काय, आवश्यक ते काही सुटले आहे काय, हे तपासण्याची जबाबदारी माणसावरच राहते. त्यामुळे निवड करताना उमेदवाराला कोणते सॉफ्टवेअर येते यापेक्षा तो विचार कसा करतो, हे पाहणेच संस्थेच्या हिताचे आहे.