घरासमोर उभी केलेली बाईक चोरीपासून कशी वाचवावी? कुलूप, अलार्म, जीपीएस: आधी खर्च कशावर करावा

आमच्या घोटीत बहुतेक बाईक रात्री घरासमोर, पडवीत नाहीतर गल्लीत उभ्या असतात. कुणाला सकाळच्या पाळीला गोंद्याच्या कारखान्यात जायचं असतं, कुणाला दूध घालायचं असतं. गाडी गेली की दुसऱ्या दिवसाची कमाईच थांबते. त्यात गाव मुंबई-आग्रा महामार्गावर. इथून एक रस्ता सिन्नरला, एक भंडारदऱ्याकडे, एक वैतरणामार्गे त्र्यंबकला जातो आणि कसारा घाट उतरला की ठाणे जिल्हा लागतो. दुचाकीला फास्टॅग नसतो, त्यामुळे टोलवरही तिची नोंद होत नाही. म्हणून माझं मत असं की, गाडी गेल्यावर शोधण्याच्या यंत्रापेक्षा ती जागची हलू न देणाऱ्या वस्तूवर आधी पैसे खर्च करा.

हँडल लॉक पुरेसं का नाही?

किल्ली फिरवून हँडल लॉक केलं की आतली एक छोटी खिट्टी हँडलच्या दांड्यातल्या खाचेत बसते. तेवढ्या एका खिट्टीवर सगळा भार असतो, त्यामुळे जोराचा हिसका बसला तर ती तुटू शकते. किल्लीत चिप असलेली इमोबिलायझर यंत्रणा महागड्या बाईकमध्ये मिळते, रोजच्या वापराच्या १०० ते १२५ सीसी गाड्यांत ती सहसा नसते. शिवाय या गाड्यांचं वजन साधारण ११० ते १२५ किलो. दोघांनी उचलून टेम्पोत टाकली तर इंजिन चालू करायचीही गरज नाही. म्हणजे गाडी घराला बांधलेली हवी.

पायरी १: साखळी आणि कडी

हार्डवेअरच्या दुकानातली साधी चकचकीत साखळी बोल्ट कटरने सहज तुटते. हार्डनिंग केलेली, चौकोनी किंवा षटकोनी कड्यांची, निदान १० मिलिमीटर जाडीची साखळी घ्या. कुलूपही त्याच तोडीचं हवं. ग्राइंडरने कुठलीही साखळी कापता येते हे खरं, पण त्याचा आवाज आणि ठिणग्या गल्लीला जागं करतात.

लावताना एवढं बघा:

- साखळी मागच्या चाकातून आणि चेसिसमधून घ्या. फक्त पुढच्या चाकाला लावली तर चाक सोडून बाकीची गाडी नेता येते.
- साखळी जमिनीला टेकू देऊ नका. फरशीवर ठेवून तिच्यावर घण घालणं सोपं असतं.
- दुसरं टोक पक्क्या कडीत अडकवा. ओट्याचं काँक्रीट टाकतानाच जाड सळईची कडी आत गाडून घेतली तर उत्तम. तयार ओट्यावर अँकर बोल्टने कडी बसवता येते, पण पान्याने खोलता येऊ नये म्हणून नट वेल्डिंग करून घ्या. पावसाच्या पाण्याचा पाइप किंवा खिडकीचा गज यांचा भरवसा धरू नका.
- कुलपाचं किल्लीचं भोक खालच्या बाजूला ठेवा. आपला इगतपुरी तालुका जिल्ह्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांत येतो. आत पाणी गेलं की कुलूप गंजतं आणि दोन दिवसांत आपणच ते लावायचं सोडतो. पावसाळ्याआधी कुलपात ग्रॅफाइट पावडर टाका, कारण तेलाला धूळ चिकटते.

पायरी २: आवाज आणि उजेड

अलार्मवालं डिस्क लॉक धक्का लागला की जोरात ओरडतं. फक्त महामार्गालगत घर असेल तर ट्रकच्या हादऱ्यानेही ते वाजू शकतं. रोज उगाच वाजणाऱ्या अलार्मकडे चार दिवसांनी कुणी बघत नाही. सेन्सरची संवेदनशीलता कमी करता येते का, हे घेतानाच विचारा. निघताना डिस्क लॉक काढायचं लक्षात राहावं म्हणून हँडलला आठवणीची दोरी बांधा, नाहीतर गाडी हलताच आपणच पडू.

हालचाल दिसली की लागणारा दिवा स्वस्तात मिळतो आणि उपयोगी पडतो. वायफाय कॅमेरा लावणार असाल तर मेमरी कार्ड घाला आणि राउटरला छोटा यूपीएस जोडा. पावसाळ्यात लाईट गेली की राउटर बंद पडतो आणि मोबाईलवर काहीच येत नाही.

पायरी ३: जीपीएस की टॅग?

जीपीएस ट्रॅकर स्वतःच्या सिमवरून गाडीची जागा कळवतो, म्हणून त्याला रिचार्ज लागतं. तो गाडीच्या बॅटरीवरच चालतो. गाडी उभी असताना ट्रॅकर १० मिलिअँपिअर ओढत असेल, तर दिवसाला ०.२४ अँपिअर-अवर खर्च होतात. ४ अँपिअर-अवरची बॅटरी साधारण आठ दिवसांत अर्धी होईल. गाडी बरेच दिवस उभी राहत असेल तर हा हिशेब आधी करा. वायर तोडली तरी चालू राहील असा, आत स्वतःची बॅटरी असलेला ट्रॅकर घ्या.

एअरटॅगसारख्या टॅगला सिम नसतं. आजूबाजूने जाणाऱ्या लोकांच्या मोबाईलमधून त्याची जागा कळते. रात्रीच्या ओस रस्त्यावर मोबाईलच नसतील तर माहितीही येत नाही. शिवाय अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनवरही जाऊ शकते. टॅग हा जोडीला ठीक आहे.

कागदपत्रं आजच तयार ठेवा

चेसिस आणि इंजिन नंबरचे फोटो काढून ठेवा, आरसी डिजिलॉकरमध्ये घ्या. दुसरी किल्ली घरात वेगळ्या जागी ठेवा, कारण विम्याच्या दाव्यात दोन्ही किल्ल्या मागितल्या जातात.

विमा नीट वाचा. थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असेल तरी भरपाई आयडीव्हीप्रमाणे, म्हणजे घसारा वजा करून ठरते. तीन ते चार वर्षांच्या गाडीला घसारा ४० टक्के असतो. नवी ९०,००० ची गाडी असेल तर हाती साधारण ५४,००० पडतात. उरलेले पैसे आपल्याच खिशातून जातात.

तरीही गाडी गेली तर

1. लगेच ११२ वर फोन करा. ट्रॅकरवर जागा दिसत असली तरी एकटे मागे जाऊ नका, ती पोलिसांना दाखवा.
2. एफआयआर नोंदवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही माहिती देता येते, पण तीन दिवसांत सही करावी लागते.
3. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. एफआयआर लगेच झाली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात म्हटलंय. तरी त्या आधारावर निवांत राहू नका.
4. आरटीओला लेखी कळवा, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचा प्रयत्न अडवता येईल.

बजेट कमी असेल तर या महिन्यात फक्त कडी, साखळी आणि कुलूप घ्या. पुढच्या महिन्यात दिवा किंवा अलार्म, आणि पैसे उरले तर ट्रॅकर. आणि घेतलेलं कुलूप रोज लावा, दहा मिनिटांसाठी घरी आलात तरीही.